कंप्रेसर नसलेला मिनीबार: दिवाळी ते पावसाळा, एका ठाणेकरणीचा अनुभव

"मॅडम, गॅस उडालाय. भरून देतो, अडीच हजार होतील." मिनीबार गार करेना म्हणून बोलावलेल्या सर्व्हिस सेंटरच्या माणसाने निदान केलं तेव्हा त्याने दार उघडून आत हातसुद्धा घातला नव्हता. फ्रिज पुढे ओढून, टॉर्च मारून तो बराच वेळ कंप्रेसर शोधत होता. कंप्रेसर सापडेना, कारण या फ्रिजला तो नसतोच! आणि गॅस भरणार कुठून? या फ्रिजचं सगळं युनिट कारखान्यातच वेल्ड करून बंद केलेलं असतं. मागच्या स्टिकरवर अमोनिया आणि हायड्रोजन असं स्वच्छ छापलंय. गळती असती तर अमोनियाच्या वासाने नाक झोंबलं असतं आणि नळ्यांच्या जोडावर पिवळट डाग दिसले असते. आतून गंज लागू नये म्हणून क्रोमेट घालतात, त्याचे ते डाग. वासही नव्हता, डागही नव्हते. हे सगळं मी त्याला ऐकवलं, तो "ऑफिसला बोला" म्हणाला आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला.

फ्रिज ४० लिटरचा, हॉटेलच्या खोल्यांत असतो तसला. नौपाड्यातल्या आमच्या वन बीएचकेत आप्पा (सासरे) हॉलमध्ये झोपतात. मोठा फ्रिज स्वयंपाकघरात, तिथे रात्री अंधारात जाऊन ते एकदा पडता पडता वाचले. त्यांचं पाणी, ताक आणि इन्सुलिन उशाशी असावं, शिवाय घरघर नसावी, म्हणून दिवाळीत हा घेतला. आवाजाबद्दल पैकीच्या पैकी. खरंच शून्य. पहिले काही दिवस आप्पा दाराला कान लावून "चालू आहे ना गं?" विचारायचे. जानेवारीत आतलं थर्मामीटर ५ अंशांवर असायचं. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मार्चच्या शेवटी घसरगुंडी सुरू झाली. आधी ८, मग ९. मे महिन्यात हॉलमध्ये ३४ आणि फ्रिजमध्ये ११-१२. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, त्यामुळे ते मुकाट मोठ्या फ्रिजमध्ये गेलं. म्हणजे ज्याच्यासाठी घेतला तेच त्यात राहीना.

दुरुस्तीवाल्याला कळलं नाही ते धाकट्या दिरांनी चहा पिता पिता सांगितलं. ते महापेला एका कारखान्यात युटिलिटी बघतात. तिथे वाफेवर चालणारं व्हीएएम (व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन) आहे, म्हणजे गारवा करणारं याच जातीचं मोठं मशीन. त्यांचं म्हणणं असं: खाली एक छोटा हीटर अमोनियाचं पाणी उकळतो. बुडबुडे अरुंद नळीतून वर चढताना पाण्यालाही सोबत ढकलतात, हाच यातला पंप. अमोनियाची वाफ वरच्या नळ्यांत खोलीच्या हवेने थंड होऊन द्रव होते. तो द्रव आत हायड्रोजनमध्ये उतरतो. नळ्यांमधला एकूण दाब सगळीकडे जवळपास सारखाच, पण तिथे हायड्रोजन वाटेकरी असल्याने अमोनियाच्या वाट्याचा दाब कमी पडतो. त्यामुळे तो कमी तापमानालाच उडतो आणि उडताना आतली उष्णता ओढून घेतो. पुढे अमोनिया उडून गेल्यावर उरलेलं पाणी त्याला पुन्हा शोषून खाली हीटरकडे आणतं. १९२२ साली स्टॉकहोममध्ये फोन प्लॅटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे जुळवलं आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स ते विकू लागली. उष्णता कशाचीही चालते. वीज नसलेल्या गावांतल्या दवाखान्यांत लशी ठेवायला याच तत्त्वावरचे रॉकेलचे फ्रिज वापरत.

"मग ठाण्यात काय बिघडलं?" मी विचारलं. भाऊजींनी स्टिकरवरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं. क्लायमेट क्लास 'एन'. म्हणजे १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेला. एप्रिल-मे महिन्यात ठाण्यात एसीशिवाय ३२ च्या खाली राहणारी खोली कुणाकडे असेल तर कळवा, मी राहायला येते. ऑनलाइन जाहिरातीत 'सायलेंट' तीनदा लिहिलंय, हे अक्षर एकदाही नाही. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे, सर्व्हिसवाल्यापेक्षाही.

कारण उन्हाळा याला दोन्ही बाजूंनी मारतो. भिंतींतून उष्णता जास्त शिरते, म्हणजे काम वाढतं. त्याच वेळी मागच्या नळ्या गरम हवेत असल्याने अमोनिया पुरता द्रव होत नाही आणि गरम पाणी त्याला कमी शोषतं, म्हणजे ताकदही घटते. साध्या फ्रिजचा कंप्रेसर चालू-बंद होत असतो, गरम पातेलं ठेवलं की जास्त वेळ चालून भरपाई करतो. याचा हीटर मे महिन्यात आधीच चोवीस तास पेटलेला. ठरलेल्या पगारात घर चालवण्यासारखं आहे हे, पाहुणे आले म्हणून पगार वाढत नाही. मग हीटर मोठा का बसवत नाहीत? तर फार तापवलं की अमोनियाबरोबर पाण्याची वाफही वर जाते आणि गारवा उलट कमी होतो.

आता बाटल्यांचा हिशेब, जो मी घरातल्या प्रत्येकाला ऐकवलाय. ६५ वॅटच्या हीटरमागे या जातीचा छोटा फ्रिज साधारण पाचवा हिस्सा, फार तर चौथा, गारवा देतो. १५ वॅट धरा. त्यातले निम्मे भिंती खातात. लिटरच्या पाच बाटल्या ३० वरून ८ अंशांवर आणायच्या तर जवळपास ४६० किलोज्यूल, म्हणजे सव्वाशे वॅट-तास काढावे लागतात. उरलेल्या साडेसात वॅटमध्ये सतरा तास! आमच्याकडे आप्पांचे मित्र आले की यजमान उत्साहाने सोड्याच्या बाटल्या यातच कोंबायचे. त्या बाटल्या दुसऱ्या दिवशी दुपारी गार होणार आणि तोवर आप्पांचं ताक आंबणार. शेवटी दारावर चिठ्ठी लावली: आधी मोठ्या फ्रिजमध्ये गार करा, मग इथे ठेवा. गार वस्तू गार ठेवणं याला चांगलं जमतं. लाइट जाऊन आली तरी आधी हीटर तापणार, मग बुडबुडे सुरू होणार, मग कुठे गारवा. भाऊजी म्हणतात त्यांच्याकडेही लोड अचानक बदलला तर मशीन रमतगमतच वळणावर येतं. वर त्यात अमोनियाऐवजी लिथियम ब्रोमाइड या क्षाराचं पाणी असल्याने वीज अचानक गेली तर घट्ट द्रावण नळ्यांत मिठासारखं जमून बसायची भीती.

पण त्यांच्याकडे बॉयलर कारखान्यासाठी पेटलेलाच असतो. आमच्याकडे ती उष्णता महावितरणकडून मीटरवर येते. ६५ वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला दीड युनिटच्या वर, महिन्याला ४७. हिवाळ्यात थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करतो म्हणून थोडं कमी. वर्षाचे साडेचारशेच्या पुढे सहज जातात. १९० लिटरच्या साध्या सिंगल डोअरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाला दीडशे-दोनशे युनिट असतात. म्हणजे जवळपास पाचपट लहान डबा आणि दुपटीहून जास्त वीज. वर उन्हाळ्यात पंख्यांमुळे आम्ही ३०० युनिटच्या काठावर असतो, तिथून पुढचं युनिट महाग. आणि चाळीस लिटरमध्ये ठेवायचं काय, तर ताक. मे महिन्याचं बिल आलं तेव्हा मी हा विकायलाच काढला होता.

विकला नाही, त्याचं श्रेय पाणसळीला आणि एका पंख्याला. सोसायटीत टाइल्सचं काम चालू होतं, गवंड्याकडून पाणसळ मागून घेतली. यातला द्रव उतारावरून आपोआप वाहतो, त्यामुळे फ्रिज कलला की फेरा अडतो. आमचा सरळ निघाला. मग स्टेशनजवळच्या दुकानातून कॉम्प्युटरचा जुना पंखा दीडशे रुपयांत आणला आणि मागच्या पत्र्यांवर हवा वर जाईल असा बांधला. थर्मामीटर ११ वरून ८ वर आलं. अडीच हजारांच्या 'गॅस'पुढे दीडशे रुपये! जूनचा पाऊस सुरू झाल्यावर तर ६-७ वरच आहे, पण इन्सुलिन अजून मोठ्या फ्रिजमध्येच. पुढच्या एप्रिलचा मला भरवसा नाही.

तर आत्ताचे तारे तीन. आवाजाचे तीन, बाकी काही नाही. घ्यायचाच असेल तर 'टी' क्लासचा शोधा, तो ४३ अंशांपर्यंत चालतो, आणि भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. पंखा बांधाल तर त्यावर टायमर लावा, कारण तो घुंघुं करतो आणि आप्पांनी पहिल्याच रात्री त्याची तक्रार केली. आता तो सकाळी ११ ते संध्याकाळी ७ एवढाच चालतो.