टोकनने केलेला घोळ: लेक्चरसाठी एस-थ्री आणि आर-टू, सहा महिन्यांनंतर

एस-थ्री मुंबई (ॲमेझॉनची) आणि आर-टू (क्लाउडफ्लेअरची) या दोन्ही फायली ऑनलाइन साठवायच्या सेवा. एवढं सांगून थेट हिशेबावर येतो.

लातूर, औसा, उदगीरच्या नीटच्या पोरांना रेकॉर्डेड लेक्चर मोबाइलवर पोचवायचं, एवढंच काम. 45 मिनिटांचं लेक्चर 300 केबीपीएसला (सेकंदाला 300 किलोबिट) साधारण 100 एमबी भरतं. 400 पोरांनी पाहिलं की 40 जीबी. एस-थ्री मुंबईतून बाहेर जाणाऱ्या जीबीला जवळपास 11 सेंट, म्हणजे लेक्चरमागे सव्वाचार डॉलरच्या वर. आर-टूवर हा खर्च शून्य. मूळ फायली एस-थ्रीवर आणि पाहायच्या प्रती आर-टूवर ठेवल्या, तर बिल एकदम खाली आलं. तेव्हा पाच तारे दिले असते.

मग रात्री साडेअकराला व्हिडिओ अडकू लागले. रोजचा दीड जीबी बाराला नवा होतो, म्हणून उरलेला डेटा संपवायला सगळी पोरं त्याच अर्ध्या तासात येतात. आर-टूला भारताची वेगळी लोकेशन हिंट (फायली कुठल्या भागात ठेवायच्या याची सूचना) नाही. 'एपॅक' (आशिया-पॅसिफिक) देता येते, पण ती हमी नव्हे. व्हिडिओ छोट्या तुकड्यांत जातो, आणि कॅशमध्ये (पाहणाऱ्याजवळच्या सर्व्हरवरच्या तात्पुरत्या साठ्यात) नसलेला तुकडा लांबून येऊ शकतो. आणि इथे तर कॅशमध्ये काही टिकतच नव्हतं!

दोष टोकनचा. व्हिडिओ प्लेअरवाल्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याचं टोकन (ओळख पटवणारा कोड) यूआरएलमध्ये, म्हणजे फाइलच्या वेब पत्त्यात, प्रश्नचिन्हापुढे चिकटवलेलं. कॅश अख्खी यूआरएल बघते, त्यामुळे एकच तुकडा 400 वेगळ्या फायली ठरतो. तपासायला दोन मिनिटं पुरतात: तोच तुकडा दोन वेगळ्या टोकनांनी कर्लने (कमांड देऊन फाइल मागवायचं साधन) मागवा. दुसऱ्यांदाही उत्तराच्या हेडरमध्ये 'मिस' (कॅशमध्ये सापडलं नाही) आलं की रोग सापडला. प्लेअरवाले मात्र शेवटपर्यंत "तुमच्याकडं रेंज नसेल" हेच सांगत राहिले. संतापजनक आहे हे.

उपाय: वर्करमध्ये (क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरवर चालणारा आपला छोटा प्रोग्राम) आधी टोकन तपासायचं, मग ते काढून उरलेल्या यूआरएलने कॅशमध्ये शोधायचं. स्वतःचं डोमेन लागतं; वर्करला क्लाउडफ्लेअरकडून मिळणाऱ्या वर्कर्स.डेव्हच्या पत्त्यावर कॅश एपीआय (प्रोग्राममधून कॅश वापरायची सोय) चालत नाही आणि एररही देत नाही. सहा सेकंदांचे तुकडे केले तर लेक्चरचे 450, गुणिले 400 म्हणजे 1,80,000 रिक्वेस्ट; वर्करची मोफत मर्यादा दिवसाला 1 लाख. दहा सेकंदांचे केले तरी 1,08,000 होतात. महिन्याचे पाच डॉलर मोजाच. लांब तुकडे कमकुवत रेंजमध्ये सुरू व्हायला वेळ घेतात, म्हणून सहाच ठेवा.

दुरुस्त केलेलं लेक्चर जुन्याच नावाने कधी चढवू नका. तुकड्यांना कॅशमध्ये वर्षभराची मुदत दिलेली असते, पोरांना जुनंच दिसत राहतं. नावात व्ही-2 घाला.

आर-टूला साडेचार तारे. प्लेअरला एक.