मासुंदा तलावाचे पाणी: ब्राउझरमधली नक्कल की क्लासिक्यूब?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा अकरा वर्षांचा भाचा महिनाभर आमच्याकडे ठाण्याला राहायला होता आणि त्याला माइनक्राफ्ट हा चौकोनी ठोकळ्यांचे, म्हणजे ब्लॉकचे, जग खणण्या-बांधण्याचा संगणकावरचा खेळ हवा होता. घरातला जुना लॅपटॉप पूर्ण खेळ पेलण्याच्या स्थितीत नव्हता, त्यामुळे आमच्यापुढे दोन मार्ग उरले. पहिला म्हणजे ब्राउझरमध्ये थेट चालणारी माइनक्राफ्टची एक नक्कल. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा नकला बऱ्याच आहेत आणि एकीलाच दोष देण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग क्लासिक्यूबचा. तोही मोफतच आहे, ब्राउझरमध्येही चालतो आणि संगणकावर उतरवूनही घेता येतो, मात्र तो आजच्या माइनक्राफ्टची नव्हे, तर २००९ सालच्या ‘क्लासिक’ आवृत्तीची प्रतिकृती आहे. तुलना अगदी समान पातळीवरची नाही हे मला मान्य आहे. पण जुना लॅपटॉप आणि हट्टाला पेटलेले मूल घेऊन बसलेल्या माणसापुढे बहुधा हेच दोन पर्याय असतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ब्राउझरमधली नक्कल सरस वाटली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिच्यात दिवस-रात्र आहे, रात्री झोंबी येतात, लाकडापासून कुदळ बनवता येते, भट्टीत लोखंड वितळवता येते. क्लासिक्यूबमध्ये यांपैकी काहीही नाही. तिथे ब्लॉक ठेवायचे आणि ब्लॉक काढायचे, एवढेच. भाच्याने पाच मिनिटे ते पाहिले आणि ‘हे तर काहीच नाही, मामा’ असा निकाल दिला.

चुका दिसायला लागल्या त्या नंतर, एकेक करून. मूळ खेळात उडी सव्वा ब्लॉक उंच जाते, म्हणून एका ब्लॉकच्या पायरीवर सहज चढता येते. या नकलेत मात्र लॅपटॉप तापून चित्र अडखळू लागले की उडीही बुटकी होत असे आणि भाचा एका पायरीपुढे चार-चार वेळा उड्या मारत राही. माझा अंदाज असा, की उडीचे गणित घड्याळाऐवजी पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येला बांधलेले असावे. मूळ खेळ आपल्या जगाचा हिशेब सेकंदाला २० ठोक्यांनी करतो आणि चित्र कितीही अडखळले तरी तो हिशेब वेगळा ठेवण्याचा प्रयत्न करतो. भट्टीचेही तेच. मूळ खेळात एक नग भाजायला १० सेकंद लागतात. इथे दुसरा टॅब उघडला की भट्टीच थांबे, कारण मागे गेलेल्या टॅबमध्ये ब्राउझर चित्र रंगवण्याचे काम थांबवतो आणि त्याबरोबर खेळाचे सगळे जगच गोठते. आपण सुट्टीच्या अभ्यासाचे पान उघडायचे आणि तोवर इकडे लोखंड वितळेल, हा बेत त्यामुळे फसला.

एक दोष त्या नकलेचाही म्हणता येणार नाही, पण त्रास मात्र खरा होता. माइनक्राफ्टमध्ये धावण्यासाठी कंट्रोल आणि पुढे जाण्यासाठी डब्ल्यू ही बटणे एकत्र दाबण्याची मुलांच्या बोटांना सवय असते, आणि ब्राउझरमध्ये नेमकी तीच जोडी चालू टॅब बंद करते. झोंबी मागे लागला की भाचा धावे आणि झोंब्यासकट सगळा खेळ नाहीसा होई. धावण्याचे बटण बदलल्यावर ते थांबले.

हे सगळे मी चालवून घेतले असते. निर्णय झाला तो पाण्यामुळे.

भाच्याला ठाणे उभारायचे होते. निदान तलावपाळी तरी. मासुंदा तलाव, त्याच्या काठचे कोपिनेश्वराचे देऊळ, बाजूला गडकरी रंगायतन, आणि सुट्टीत दर रविवारी तो ज्यांत बसत असे त्या होड्या. आम्ही तलाव खणला. लांबी चाळीस ब्लॉक, रुंदी पंचवीस, खोली तीन, असा साधारण अंदाज. मग बादलीने पाणी ओतायला सुरुवात केली. आजच्या माइनक्राफ्टमध्ये पाण्याचा एक मूळ ब्लॉक, म्हणजे बादलीतून ओतलेला पूर्ण भरलेला ब्लॉक, सपाट जमिनीवर सात ब्लॉकपर्यंत पसरतो आणि पातळ होत थांबतो. पण दोन मूळ ब्लॉकच्या मधली जागा आपोआप मूळ पाण्याने भरते, आणि याच युक्तीवर मुले तासाभरात तळी भरतात. नकलेने यातले अर्धेच उचलले होते. पाणी सात ब्लॉक पसरून थांबे, इथपर्यंत बरोबर. दोन मूळ ब्लॉकच्या मध्ये नवे मूळ पाणी मात्र कधीच तयार होत नसे. परिणामी तलावाचा पृष्ठभाग एकसंध न होता सगळीकडे उतरत्या पत्र्यांसारखा दिसे, आणि सपाट पाणी हवे तर प्रत्येक ब्लॉकमध्ये स्वतंत्र बादली रिकामी करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तरीही आम्ही एका संध्याकाळी तलावाचा एक कोपरा तसा भरला. दुसऱ्या दिवशी खेळ उघडला तेव्हा पाणी तलावाच्या मध्यावर एका सरळ रेषेत उभे होते. एका बाजूला तीन ब्लॉक उंच पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन, आणि मध्ये जणू न दिसणारी काच.

“मामा, पाणी पुढे का येत नाहीये?”

कारण बहुधा असे असावे. असे खेळ जगाचे १६ बाय १६ ब्लॉकचे तुकडे करून ते एकेक करून स्मृतीत आणतात. शेजारचा तुकडा अजून आलेला नसताना पाण्याने तिकडे पाहिले, पलीकडे काहीच नाही असे समजून ते थांबले, आणि तो तुकडा आल्यावर पाण्याला पुन्हा उठवण्याचे काम कोणी केलेच नाही. शेजारचा एखादा ब्लॉक फोडला की ते जागे होऊन सरके. रोज सकाळी तलावाभोवती फिरून पाण्याला जागे करायचे, हा दिनक्रम आम्ही चार दिवस पाळला. पाचव्या दिवशी भाच्याने स्वतःहून क्लासिक्यूब पुन्हा उघडायला सांगितले.

इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. क्लासिक आवृत्तीतले पाणी ‘बरोबर’ होते असे मुळीच नाही. मे २०१९ मध्ये माइनक्राफ्टला दहा वर्षे झाली, तेव्हा तो खेळ बनवणाऱ्या मोजँग कंपनीनेच क्लासिक आवृत्ती ब्राउझरमध्ये खुली केली, आणि ती ३२ प्रकारचे ब्लॉक व मूळच्या सगळ्या चुका यांच्यासह देत असल्याचे हसतहसत सांगितले होते. त्या काळच्या पाण्यात मूळ ब्लॉक आणि वाहता ब्लॉक असा भेद परिणामाच्या दृष्टीने नसतोच. पाणी शेजारच्या आणि खालच्या प्रत्येक रिकाम्या जागेत शिरते, तिथेही पूर्ण भरलेले राहते, तिथून पुन्हा पुढे जाते, आणि कधीच ओसरत नाही. निसर्गाच्या हिशेबाने हे हास्यास्पद आहे. पण ही चूक सुसंगत आहे. आज जशी तशीच उद्या. नकलेतल्या चुका कालच्या निराळ्या आणि आजच्या निराळ्या होत्या, आणि अकरा वर्षांच्या मुलाला नेमके तेच सहन होत नाही, असे माझे निरीक्षण आहे. वेडावाकडा का असेना, पण नियम हवा.

क्लासिक्यूबमध्ये आम्ही तलाव समुद्रसपाटीच्या खाली खणला आणि नकाशातल्या समुद्रापासून एक ब्लॉक रुंदीचा पाट काढला. भाच्याने त्याला ठाण्याची खाडी असे नाव दिले. शेवटचा ब्लॉक फोडल्यावर पाणी पाटातून आत आले आणि तलाव बघता बघता काठोकाठ भरला. पृष्ठभाग ताटासारखा सपाट, एकही पत्रा नाही. त्यानंतर माझ्या हातून देवळाच्या बाजूचा काठ चुकून एका ब्लॉकने फुटला आणि पाणी खाली खणून ठेवलेल्या रेल्वे स्थानकाच्या तळघरात शिरले, ते थांबेचना. त्यावर उपाय म्हणून खेळातच स्पंज आहे. तो ठेवला की स्वतःभोवतीच्या पाच बाय पाच बाय पाच ब्लॉकमधले पाणी शोषून घेतो. मामा-भाच्यांनी अर्धा तास स्पंज टाकत तळघर उपसले, आणि खरे सांगायचे तर महिनाभरात सर्वांत जास्त मजा त्या अर्ध्या तासात आली.

क्लासिक्यूबची बाजू घेताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य नाही. जग आखूड आहे. जुन्या खेळातला मोठ्यात मोठा नकाशा ५१२ बाय ५१२ ब्लॉकचा आणि ६४ ब्लॉक उंच असे. मशाली नाहीत, जागा एकतर उन्हात असते किंवा सावलीत, मधले काही नाही. तुमच्या घरातल्या मुलाला राक्षस मारायचे असतील, उपाशी राहून तगायचे असेल, तर त्याला हे दोन दिवसांत नकोसे होईल आणि मग ब्राउझरमधल्या नकलेचे दोष पत्करणेच बरे. माझा भाचा बांधणारा आहे, लढणारा नाही, हेही या निवडीमागचे कारण असेल.

क्लासिक्यूब घ्यायचेच ठरवले, तर ब्राउझरमध्ये न खेळता ते संगणकावर उतरवून घ्यावे, असे मी सुचवेन. खेळ अगदी लहान आहे, एकट्याने खेळण्यासाठी खाते लागत नाही, आणि नकाशा एका साध्या फाइलमध्ये जपता येतो, म्हणजे ब्राउझरचा इतिहास पुसताना तलाव पुसला जात नाही. फक्त पहिल्यांदा उघडताना इंटरनेट सुरू असावे, कारण चित्रे आणि आवाज तो तेव्हा उतरवून घेतो. आमची तलावपाळी आता एका पेनड्राइव्हवर पुण्याला गेली आहे. देवळाच्या मागे दोन स्पंज काढायचे राहून गेले आहेत, आणि ते काढू नयेत अशी मला भाच्याकडून सक्त ताकीद आहे.