पत्रा काढला, जाळी परत बसवली : होटगी रोडच्या मामांचं गॅरेज

या गॅरेजमध्ये मी गेलो ते गाडीतलं अजून एक सामान काढून टाकायला, आणि बाहेर पडलो ते दोन वर्षांपूर्वी काढलेलं सगळं परत बसवून. बिल झालं 61,300 रुपये. चार दिवस सांगून गाडी सात दिवस ठेवली. तरीही सोलापुरात जुनी पिकअप असलेल्या प्रत्येकानं एकदा तरी इथं बॉनेट उघडून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

गाडी 2012 ची. अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, एमएच-13 पासिंग, पिवळी पाटी. वडिलांनी घेतली, आता मी चालवतो. मंद्रूपकडून मार्केट यार्डात कांदा आणायचा, परतीला खत, पत्रे, मिळेल ते भाडं. दोन वर्षांपूर्वी गाडी काळा धूर सोडायला लागली आणि ओढायची बंद झाली. तिसऱ्या गिअरला दम लागायचा. तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं बघता क्षणी सांगितलं, "ईजीआर ब्लॉक करू, कॅटची जाळी फोडू, गाडी मोकळी होईल. अ‍ॅव्हरेज पंधरा देईल." ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनमध्ये सोडणारी व्हॉल्व्ह, कॅट म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा. आमच्याकडं सगळे हेच करतात. मीही केलं. अडीच हजार रुपये, दोन तासांचं काम.

आठवडाभर गाडी खरंच हलकी वाटली. मग डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेना. अ‍ॅव्हरेज साडेनऊच्या वर गेलंच नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिन खणखण वाजायचं. आणि धूर? काळा थोडा कमी झाला असेल, पण वास बदलला. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा.

हे मला कळलं ते मार्केट यार्डात. डिसेंबरमध्ये कांद्याची आवक एवढी असते की रात्री दोनलाच रांग लागते. पहाटे गाडी रिव्हर्स घेऊन ओट्याला लावली, इंजिन चालूच होतं. मागं चार हमाल फाळका खाली पाडून उभे. त्यातले एक म्हातारे हमाल, आमच्या वडिलांच्या वेळेपासून ओळखीचे, तोंडावर टॉवेल धरून पुढं आले आणि म्हणाले, "मालक, बंद करा हो गाडी, डोळे चुरचुरायलेत." मी बंद केली. पण ते दिवसाला पन्नास गाड्यांच्या मागं उभे राहतात. त्यांना घरी जाऊन डोळे धुऊन भागतं का? माझी गाडी घेतली त्याच 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून नक्की केला. हे मी नंतर वाचलं. त्या पहाटे फक्त लाज वाटली.

तरी गॅरेजला गेलो ते लाजेपोटी नाही, पासिंगसाठी. गाडी आठ वर्षांच्या वर गेली की मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी असतं. पीयूसीच्या मशीनवर धुराच्या काळेपणाचा आकडा आला 3.1. बीएस-4 या प्रदूषणाच्या निकषातल्या डिझेल गाडीला मर्यादा 1.62. मला कुणीतरी सांगितलं की होटगी रोडला आसरा चौकाच्या पुढं एक मिस्त्री आहेत, टर्बोवरचा उरलेला पाईपही काढून सरळ करून देतात. चुकीचं सांगितलं होतं, आणि माझं नशीब की चुकीचं सांगितलं.

गॅरेजला पाटी नाही. कडुलिंबाचं झाड, पत्र्याचं शेड, दोन खड्डे, चार पोरं. मिस्त्रींना सगळे मामाच म्हणतात. साठीचे असतील. पोरांशी तेलुगूत बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि विजापूरकडचा ड्रायव्हर आला की कन्नडमध्ये. मी काय काढायचं ते सांगायला लागलो तर म्हणाले, "आधी काय आहे ते बघू की. नसलेलं काय काढणार?"

पहिले दोन तास त्यांनी पानाच लावला नाही. स्कॅनर लावला, जुने एरर लिहून घेतले. मग गाडी रेसवर ठेवून टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी होजवर साबणाचं पाणी मारलं. क्लिपच्या खाली, जिथं नजर जात नाही तिथं, फेस उठला. बोटभर चीर. टर्बोनं दाबलेली हवा तिथून बाहेर जात होती, डिझेल मात्र पूर्ण पडत होतं. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर. चारही इंजेक्टर काढून पंपवाल्याकडं तपासायला पाठवले, त्यातले दोन थेंब टाकत होते. म्हणजे दोन वर्षांपूर्वी गाडीचा दम कोंडला होता तो एका होजनं आणि दोन नोझलनं. ईजीआरनं थोडीफार भर घातली असेल, पण मूळ दुखणं ते नव्हतंच. दुखणं न बघता अवयव काढला होता.

मग इंजिनात हवा नेणारा इनटेक उघडला. मामांनी मला हात धरून खड्ड्याच्या कडेला आणलं आणि आत टॉर्चचा उजेड पाडला. जिथं तीन बोटं जावीत तिथं करंगळी जेमतेम जात होती. आतून काळा थर. पोरानं करवतीच्या तुटक्या पात्यानं खरवडला तेव्हा तो पडला नाही, पात्याला चिकटून आला. शेंगाचटणी कुटल्यावर खलाच्या कडेला जशी तेलकट घट्ट बसते, अगदी तसा, फक्त काळाकुट्ट. ग्रीसचा अर्धा डबा भरला. ही बारा वर्षांची काजळी आणि क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनच्या पोटातून, येणारी तेलाची वाफ. ईजीआर बंद केली म्हणून ती कुठं जाणार? जिथल्या तिथं होती. आणि ईजीआरच्या फ्लँजमध्ये बसवलेला तो पत्रा निघाला. ऑइलच्या डब्याचा, कात्रीनं कापलेला. त्यावरची अर्धी अक्षरं अजून वाचता येत होती.

ईजीआर कशाला असते हे मला चौदा वर्षं गाडी दारात असून माहीत नव्हतं. मामांनी चहाच्या वेळेला सांगितलं. सायलेन्सरकडं निघालेल्या धुरातला थोडा हिस्सा ही व्हॉल्व्ह परत इंजिनमध्ये सोडते. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून आतली आग जरा थंड जळते. आग फार तापली की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन जो वायू होतो तोच डोळे चुरचुरवणारा. दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही. पीयूसीचं मशीनसुद्धा डिझेलचा फक्त काळेपणा बघतं. म्हणून ब्लॉक करणारे म्हणतात, "बघा, धूर गेला." आणि कॉम्प्युटर ईजीआर उघडायला सांगतो तेव्हा हवेचा सेन्सर म्हणतो की हवा तेवढीच येते आहे, काही बदललं नाही. दोन्हींचं जुळत नाही, म्हणून तो पिवळा दिवा.

अजून एक गोष्ट मला तिथंच समजली. आपल्या सोलापूरला बीएस-4 देशाच्या बऱ्याच भागाआधी लागू झालं. 2010 साली मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांच्या यादीत सोलापूर होतं, कारण आपली हवा तेवढी खराब मानली गेली होती. बाकी देशाला 2017 उजाडलं. म्हणजे माझ्या गाडीत ती जाळी बसवली गेली तीच या शहराच्या हवेसाठी, आणि मी ती याच शहरात फोडून टाकली.

जाळीचं म्हणाल तर कॅटवर लाकडी हातोडी मारली की रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या महाग धातूचा पातळ लेप असतो. माझी जाळी फोडून कुठं गेली ते मी तेव्हा विचारलं नव्हतं, आता विचारून उपयोग नाही. नवीन कंपनीचा कॅट 21,500 रुपयांना पडला. बिलातला सगळ्यात मोठा आकडा हाच. मी मामांना म्हणालो, पासिंगपुरतं काहीतरी करता येईल का? त्यांनी सरळ नाही म्हटलं. रागावले नाहीत, पण परत विचारावंसं वाटू नये असं म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या 52 कलमाखाली असे फेरफार चालत नाहीत आणि मालकाला प्रत्येक फेरफाराला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही त्यांनीच सांगितलं.

आता गाडीत जे सुधारलं ते.

सगळ्यात जास्त समाधान दिव्यांचं. मी पांढरे झगझगीत एलईडी बसवा म्हणणार होतो. मामांनी मीटर लावून दाखवलं: बॅटरीला 13.8 व्होल्ट, आणि बल्बच्या होल्डरला फक्त 10.7. जुनी वायर, स्विचमधून फिरून येणारा करंट, गंजलेली अर्थिंग. त्यांनी बॅटरीवरून जाड वायर ओढली, दोन रिले आणि फ्यूज बसवले, अर्थिंग घासून नवीन केली, काचा बदलल्या. बल्ब मूळचेच 60/55 वॅटचे. होल्डरला 13.4 व्होल्ट आले. खर्च 2,300. विजापूर रोडनं रात्री येणाऱ्याला याची किंमत कळेल. गाळपाच्या हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा चालत असतात. वडकबाळच्या पुलाअलीकडं परवा एक ट्रॉली मला लांबूनच दिसली. पूर्वी ती अगदी जवळ गेल्यावर दिसली असती. समोरच्याच्या डोळ्यांवरही उजेड जात नाही.

क्लच सेट नवा टाकला, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल मात्र सांगायला हवं. माझं म्हणणं होतं, मागं दोन-दोन पाटे वाढवा, म्हणजे तीसेक पिशव्या बिनधास्त टाकता येतील. मामा म्हणाले, "पाटा वाढवला म्हणजे ब्रेक वाढला का? एक्सल वाढला का?" त्यांनी तुटलेला दुसरा पाटा बदलला, बाकीचे उतरवून पाणी देऊन कमान परत काढून आणली, बुश आणि शॅकल पिना नव्या टाकल्या. गाडीची मागची बाजू तीन बोटं उचलली. 50 किलोच्या 24 पिशव्या टाकल्यावर पूर्वी टायर मडगार्डला घासायचं, आता घासत नाही. पण पिशव्या 24 च टाकतो.

सातव्या दिवशी ईजीआर साफ होऊन बसली. मामांनी स्कॅनर माझ्या हातात दिला आणि स्वतः ईजीआर उघडायची कमांड दिली. हवेचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर खाली आला, बंद केली तसा वर गेला. पिवळा दिवा दोन वर्षांनी विझला. पीयूसीला आकडा आला 0.84. सर्टिफिकेट एक वर्षाचं मिळालं, पासिंगही झालं.

अ‍ॅव्हरेज आता माल भरून बारा-साडेबारा. पंधरा नाही, आणि मामांनी पंधराचं वचन दिलंही नव्हतं. एप्रिलमध्ये पारा 42 वर असताना आईला घेऊन तुळजापूरला गेलो, मागं एका ओळखीच्यांची शहाबादी फरशी होती. घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली, टेंपरेचरचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. आई खिडकी उघडी ठेवून बसली होती. पूर्वी या गाडीत तिला घाटात मळमळायचं.

तक्रारीही आहेत, त्या लपवत नाही. मामा फोन उचलत नाहीत. तीन वेळा मंद्रूपहून हेलपाटा पडला आणि गाडी तशीच खड्ड्यावर. कॅट यायला उशीर झाला हे खरं, पण पोराकरवी एक निरोप द्यायला काय हरकत होती? त्या आठवड्यात मी दोन भाडी घालवली आणि कांद्यासाठी दुसऱ्याची गाडी 2,200 रुपये देऊन लावली. बसायला जागा नाही, पाण्याचा माठ आहे तेवढाच. बिल वहीच्या कागदावर हातानं लिहून मिळालं. पार्टसचं पक्कं बिल मागितल्यावर दुकानाची पावती जोडून दिली, म्हणजे मागावं लागतं. आणि ज्याला लगेच, आजच्या आज, स्वस्तात मोकळं व्हायचंय त्याची इथं चिडचिड होईल. माझ्यासमोर एकजण "ब्लॉक करत नाही म्हणजे काय" म्हणत गाडी घेऊन निघून गेला.

काढलेलं प्रत्येक जुनं सामान त्यांनी गोणीत भरून माझ्या हवाली केलं, फुटलेली होज, दोन नोझल, क्लच प्लेट, तो पत्रासुद्धा. पत्रा मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. कुणी ईजीआर काढायचं म्हटलं की काढून दाखवतो.

गेल्या आठवड्यात यार्डात गाडी ओट्याला लावली तर तेच हमाल पुढं आले. मी सवयीनं चावी फिरवायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या मालक, आज काही होईना." तरी मी बंदच केली.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर खड्डे रिकामे नसतात. अमावस्येला आणि रविवारी बंद. गाडी थंड असताना न्या, मामांना पहिला स्टार्ट स्वतः ऐकायचा असतो.