नवरा फौजेत, पोटगी अडलेली: युनिटकडे अर्ज करावा की कोर्टात जावं?

नवरा लडाखला, लेकरू साताऱ्याच्या शाळेत, आणि सात महिने झाले खात्यावर एक रुपया आलेला नाही. माहेरी दोन सल्ले मिळतात. भाऊ म्हणतो, "युनिटच्या सीओ साहेबांना अर्ज लिही, पगारातूनच कापून देतील." मामा म्हणतो, "साहेबबिहेब काही नाही, सरळ कोर्टात खावटीचा दावा लाव." दोघांचंही खरं आहे. पण या दोन वाटांनी मिळणारे पैसे वेगळे, त्यांना लागणारा वेळ वेगळा आणि मुख्य म्हणजे ते किती वर्षं मिळतील तेही वेगळं.

आधी युनिटची वाट. आर्मी ॲक्ट, १९५० मध्ये जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) यांच्यासाठी कलम ९१ आणि अधिकाऱ्यांसाठी कलम ९० आहे. बायको-मुलांच्या निर्वाहासाठी पगारातून परस्पर कपात करण्याची सोय त्यात आहे. हवाई दल आणि नौदलाच्या कायद्यांतही तशीच तरतूद आहे. अर्ज कमांडिंग ऑफिसरच्या (सीओ) नावे करायचा. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, नवरा कधीपासून पैसे देत नाही याची तारीखवार हकीकत आणि तुमची स्वतःची कमाई असेल तर तीही लिहायची. नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाते, त्याचं म्हणणं घेतात आणि कागद एकेक पायरी वर चढत आर्मी कमांडरपर्यंत जातो. यात महिने जातात. मात्र वकील लागत नाही, फी लागत नाही, तारखांना हेलपाटे नाहीत. आदेश झाला की पैसे पगारातूनच वळते होतात, नवऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

इथे बायका हमखास अडखळतात. "साहेबांकडे तक्रार गेली तर ह्यांची नोकरी जाईल का?" ही भीती मी फार वेळा ऐकली आहे, आणि तिच्यापायी लेकरांचे हाल झालेलेही पाहिले आहेत. हा पगारकपातीचा विषय आहे, शिक्षेचा नाही. निर्वाहाचा अर्ज केला म्हणून कोणाला नोकरीतून काढत नाहीत.

रक्कम किती? २००१ च्या आर्मी ऑर्डरनुसार बायकोला पगार-भत्त्यांच्या २२ टक्के, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्के आणि सगळं मिळून जास्तीत जास्त ३३ टक्के. पगार-भत्ते ५०,००० रुपये असतील तर बायकोचे ११,००० आणि एका मुलाचे २,७५०, म्हणजे १३,७५० रुपये. दोन मुलं असली की १६,५०० वर गाडी थांबते. तिसरं मूल असेल, कोणाला कायमचं आजारपण असेल, तरी त्यापुढे जात नाही.

कोर्टाला अशी ठरीव टक्केवारी नाही. पोटगीचं, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. नवरा अरुणाचलला असला तरी दावा तुम्ही राहता तिथल्या कोर्टात लावता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त मानली होती, पण ते बंधन नाही. मुलाची फी, औषधं, घरभाडं दाखवता आलं तर रक्कम वाढू शकते. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात 'शक्यतो' हा शब्द फार लांबतो, आणि फौजीच्या बाबतीत आणखीच. तो सुट्टीवर आला की तारीख नसते, तारीख असली की तो फील्डवर असतो. आर्मी ॲक्टच्या कलम ३२ नुसार, खटल्यासाठी सुट्टी मिळाल्याचं लष्करी प्रमाणपत्र त्याने दिलं, तर कोर्टाने शक्यतो त्या सुट्टीतच सुनावणी उरकायची असते. आपल्या वकिलालाही त्याच्या सुट्टीच्या तारखा धरूनच सुनावणी मागायला सांगा.

हुकूम मिळाला तरी वसुलीत एक अडसर आहे. दिवाणी न्यायालयाला सैनिकाचा पगार जप्त करता येत नाही, आर्मी ॲक्टचं कलम २८ त्याला आडवं येतं. म्हणून हुकमाची प्रमाणित प्रत युनिटला आणि रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) पाठवायची. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान असेल तर बेळगावला. त्या हुकमाच्या आधारे लष्कर कलम ९१ खाली कपात लावू शकतं. कलम १४४ खालची थकबाकी मात्र साठू देऊ नका. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. तरीही पैसे दिले नाहीत, तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही: नवऱ्याची नोकरी किती वर्षं उरली आहे? अग्निवीर नसलेला, नियमित सेवेतला शिपाई पंधरा वर्षांच्या सेवेवर पेन्शनीला पात्र होतो. पुष्कळ जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतात. लष्करी कपात पगारातून होते, पगार थांबला की ती थांबते. तुमचं मूल सहा वर्षांचं असेल आणि नवऱ्याची तीन वर्षं उरली असतील, तर युनिटच्या आदेशावर मूल नऊ वर्षांचं होईपर्यंतच पैसे मिळतील. कोर्टाचा हुकूम निवृत्तीनंतरही कायम राहतो. म्हणून नोकरी थोडी उरली असेल तर आधी कोर्ट. नवऱ्याची बरीच नोकरी उरली असेल आणि घरात आज पीठ नसेल, तर आधी युनिट.

दोन्हीकडे एकदम गेलं तरी चालतं, पण पैसे एकावर एक चढत नाहीत. एकीकडची रक्कम दुसरीकडे वळती धरली जाते. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर आधीचा आदेश आणि दोघांचं उत्पन्न शपथपत्रावर सांगावंच लागतं. लपवू नका, केस तिथेच बिघडते. त्याच निकालानं पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असंही सांगितलं आहे, तेव्हा अर्ज पुढे ढकलण्यात काही फायदा नाही.

घटस्फोटाचा कागद पुढे आला तर सहीची घाई करू नका. लष्करी कपातीच्या कलमात शब्द 'पत्नी' आहे, त्यामुळे घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की तुमचा वाटा जातो, मुलांचा राहतो. कॅन्टीन कार्ड, ईसीएचएसचे (माजी सैनिकांची आरोग्य योजना) उपचार आणि पुढची कुटुंब पेन्शनही जाते. मुलांचा पेन्शनवरचा हक्क साधारणपणे पंचविशीपर्यंत टिकतो, पण त्याआधी ती कमवू लागली किंवा त्यांचं लग्न झालं तर जातो. कलम १४४ मध्ये मात्र घटस्फोटित बाईलाही पुन्हा लग्न करेपर्यंत पोटगी मागता येते. नुसतं वेगळं राहायचं असेल तर न्यायिक विभक्ततेत लग्न मोडत नाही, हा पर्याय वकिलाला मुद्दाम विचारा. परस्परसंमतीनं सुटायचं ठरलंच तर तडजोडीत मुलाचा शिक्षण भत्ता कुठे जाणार हे स्पष्ट लिहून घ्या. जानेवारी २०२४ पासून तो दोन मुलांपर्यंत प्रत्येकी महिना २,८१२ रुपये ५० पैसे आहे आणि तो उचलतो बाप. तुम्ही स्वतःची पोटगी सोडलीत तरी मुलाची सुटत नाही.

या सगळ्याआधी एक काम उरका. तुमचं आणि मुलांचं नाव नवऱ्याच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे त्याच्या लष्करी नोंदीत, चढलं आहे का, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत विचारून घ्या. नाव नसेल, तर युनिटकडच्या अर्जाची सुरुवात तिथूनच करावी लागते.