स्टोइक तत्त्वज्ञान : काही महिन्यांच्या घरगुती वापरानंतर

इ. स. पू. ३०० च्या सुमारास अथेन्समधील एका चित्रांनी सजलेल्या ओसरीत झेनोने ज्याचे धडे देण्यास आरंभ केला, ते स्टोइक तत्त्वज्ञान आमच्या सदनिकेत गेले काही महिने रोजच्या वापरात आहे. काय आपल्या हाती आहे आणि काय नाही हे आधी ठरवावे आणि दुसऱ्या गोष्टीसाठी जीव जाळू नये, एवढेच याचे मुख्य सूत्र.

परक्या माणसांवर त्याचा गुण उत्तम येतो. सार्वजनिक स्नानगृहात जाण्यापूर्वी तेथे पाणी उडवणारे, धक्के देणारे, शिवीगाळ करणारे आणि चोरी करणारे भेटतील हे मनात आणावे, असे एपिक्टेटस हा स्टोइक गुरू सांगतो. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला निघताना मी हाच प्रयोग केला. पार्किंगचा वाद, गच्चीची गळती आणि सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा थकबाकीदार, हे सारे कल्पिलेल्या क्रमानेच घडल्यामुळे माझा रक्तदाब जागचा हलला नाही. मात्र प्रत्येक वेळी चेहऱ्यावर समाधानाचे स्मित उमटत गेले आणि खजिनदारांनी त्याचा भलताच अर्थ घेतला.

स्वयंपाकघरात परिणाम तितकासा समाधानकारक नाही. तेल सांडले तर ‘ही मनःशांतीची किंमत’ असे स्वतःस म्हणावे, हाही एपिक्टेटसचाच सल्ला. माझ्यादेखत दूध उतू गेले तेव्हा मी ते वाक्य मोठ्याने उच्चारले. “अहो, किंमत सावकाश चुकती करा, आधी ओटा पुसा,” असे उत्तर आले. एपिक्टेटसने आयुष्याचा बराच काळ एकट्याने काढला असे सांगतात, ही माहिती वापरसूचनांत ठळकपणे द्यायला हवी.

अधूनमधून काही दिवस साधे अन्न खाऊन ‘याचीच का मला भीती वाटत होती?’ असे स्वतःला विचारावे, हा धनाढ्य रोमन स्टोइक सेनेकाचा उपाय आमच्याकडे टिकला नाही, कारण एकादशी अन् दुप्पट खाशी ही परंपरा घरात त्याहून जुनी आहे. पहाटे उठण्याबाबत स्टोइक रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसलाही स्वतःची समजूत घालावी लागे, एवढाच दिलासा.

खरी कसोटी मात्र आवाजाची. आमच्या डोक्यावरच्या सदनिकेत फरशा उखडण्याचे काम सुरू झाले, तेव्हा मी सेनेकाचे आपल्या मित्राला, ल्युसिलियसला लिहिलेले छप्पन्नावे पत्र काढले. सेनेका तेव्हा सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत होता. वजने उचलणाऱ्यांचे कण्हणे, मालिश करणाऱ्याच्या हाताचे फटके, काखेतले केस उपटताना गिऱ्हाइकांनी ठोकलेल्या आरोळ्या आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची ओरड यांचे त्याने रसाळ वर्णन केले आहे. मन स्थिर असेल तर बाहेरचा गोंगाट बाधत नाही, हे तो पानभर पटवून देतो आणि अखेरीस, उगाच त्रास कशाला सोसायचा म्हणून तेथून मुक्काम हलवण्याचे ठरवतो! संपूर्ण संचातील मला सर्वाधिक पटलेला भाग हाच होय.

वरचे काम दिवाळीपर्यंत चालेल, असे ठेकेदार म्हणतो. तोवर मी दुपारी जवळच्या वाचनालयात बसतो. तेथील पंखा बंद असतो. पण पंख्याचा विषय कार्यकारिणीकडे आहे, माझ्याकडे नाही.