पैसे वॉटर बेसचे घेतले, मारला थिनरचा लॅकर

घरातल्या लाकडी फर्निचरला वॉटर बेस पॉलिश करून घ्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा. आम्हाला ज्या पद्धतीने गंडवलंय ती इतकी साधी आहे की कुणालाही गंडवता येईल, आणि मी काही डोळे मिटून काम देणारी बाई नाही, दोन-तीन ठिकाणची कोटेशनं घेतली होती, समोर सॅम्पल मारून घेतलं होतं, तरीही.

वॉटर बेसच का हवं होतं ते सांगते. डोंबिवलीत आमचा टू बीएचके, सासऱ्यांना दमा, आणि घर सोडून ते कुठे जाणार नाहीत (जाऊ शकतात, पण जाणार नाहीत, ज्यांच्या घरी सासरे आहेत त्यांना कळेल). फर्निचर जवळजवळ सगळं जुन्या सागवानाचं, दोन कपाटं, डायनिंग टेबल, दिवाण, शोकेस, हॉलमधला झोपाळा, फक्त मुलीचं पाइनचं स्टडी टेबल तेवढं नवीन. आधीचं मेलामाइन पॉलिश कुठे काळं पडलेलं, कुठे पापुद्रे निघालेले. आता मेलामाइन म्हणा, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर म्हणा किंवा साधं पीयू (पॉलियुरेथेन) म्हणा, थिनर म्हणजे पातळ करायचं उग्र वासाचं सॉल्व्हंट आलंच, आणि पावसाळ्यात खिडक्या बंद असताना तो वास घरात किती राहतो ते सांगायला नको. वॉटर बेस पीयूमध्ये सॉल्व्हंट अगदीच नसतं असं नाही पण बराचसा भाग पाणीच असतं, त्यामुळे वास खूप कमी, आणि ते सहसा पिवळं पडत नाही म्हणून पाइनसारख्या फिकट लाकडाला चांगलं. महाग असतं, त्याला आमची तयारी होती.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीतूनच आलेला. चौरस फुटाला १९० रुपये मटेरियल धरून, त्यात जुनं पॉलिश खरवडायचं, घासायचं, सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा खालचा हात) मारायचा आणि वर क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक पॉलिशचे तीन हात. हाच माणूस एनसी लॅकरचा रेट ५५ सांगत होता, हा आकडा लक्षात ठेवा. माप निघालं ३१० चौरस फूट. आधी त्याने जास्तच काढलं होतं, कपाटांची भिंतीकडची पाठ, जिला कुणी हात लावणार नव्हतं, ती पण मापात धरलेली, मी टेप घेऊन उभी राहिले तेव्हा ती गेली. एकूण ५८,९०० रुपये झाले, त्यातले ३०,००० आधी दिले.

आता सॅम्पलची गोष्ट नीट वाचा, सगळी मेख तिथेच आहे. माणूस मोठ्या कंपनीचा सीलबंद एक लिटरचा डबा घेऊन आला, माझ्यासमोर सील फोडलं, आतलं क्लिअर पातळ दुधासारखं पांढरं, ते कपाटाच्या पाठीवर ब्रशने एक पट्टा मारलं, आणि आमच्या डोळ्यादेखत सुकत सुकत पांढरेपणा जाऊन लाकूड स्वच्छ दिसायला लागलं. ब्रश किचनच्या नळाखाली धुतला. सासरे तिथेच पेपर वाचत बसलेले, त्यांना मुद्दाम विचारलं, "काका, वास येतोय का काही?" काका म्हणाले नाही. झालं, काकांनी सर्टिफिकेट दिलं म्हटल्यावर विषयच संपला. आणि ते सॅम्पल शंभर टक्के खरं होतं बरं का! अस्सल वॉटर बेस. फसवणूक सॅम्पलमध्ये नव्हतीच, त्यानंतर जे डबे घरात आले त्यात होती.

काम सुरू झालं जुलैमध्ये. मी दिवसभर ऑफिसला, घरी सासरे. पहिल्याच संध्याकाळी घरात शिरले तर जिन्यापर्यंत वास. फोन केला तर म्हणाला ताई, जुनं पॉलिश काढायला रिमूव्हर लावलाय, त्याचा वास आहे. आता हे खरंच आहे, रिमूव्हरला वास असतोच, त्यामुळे बोलता येईना. मग घासून झालं, सीलर लागला, वास होताच, तर म्हणे सीलर सॉल्व्हंटचाच असतो, वरचा कोट फक्त वॉटर बेस. मग वरचा कोट सुरू झाला, वास वाढलाच, तर म्हणे ताई हा टू के (दोन भागांचा) माल आहे, त्यात हार्डनर मिसळावा लागतो, हार्डनरचा वास आहे. बघा कसं आहे, प्रत्येक उत्तरात अर्धं खरं. टू के वॉटर बेसमध्ये हार्डनर खरंच असतो. सीलरचं म्हणाल तर मी नंतर त्या कंपनीच्या डीलरला विचारलं, तो म्हणाला आमच्या वॉटर बेस टॉपकोटखाली आमचाच वॉटर बेस सीलर लावायचा, थिनरवाला आम्ही सांगतच नाही. पण हे सगळं ज्याला माहीत नाही त्याला "हार्डनर आहे" म्हटलं की गप्पच बसावं लागतं. सासऱ्यांचा पंप दिवसातून कितीदा निघायला लागला ते बघून नवऱ्याने शेवटी त्यांना ठाण्याला नणंदेकडे नेऊन सोडलं. म्हणजे ज्या एका कारणासाठी जास्तीचे पैसे मोजले तेच पार धुतलं गेलं.

शनिवारी मी घरी होते तेव्हा जे बघितलं ते सांगते. एक, कामावरच्या पोरांच्या मगात जे क्लिअर होतं ते पांढरं नव्हतंच, पारदर्शक, किंचित पिवळसर. दोन, एक हात मारला की पंधरा-वीस मिनिटांत ते वरून हात फिरवून बघायचे आणि लगेच पुढचा हात. वॉटर बेसला दोन हातांमध्ये निदान दोन-तीन तास तरी थांबावं लागतं, पावसाळी हवेत आणखी. शिवाय पाण्यामुळे लाकडाची लव उठते, पहिला हात सुकला की तळहाताला खरखर लागते, म्हणून मध्ये ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासायला लागतं, इथे मधल्या घासण्याचं नावच नाही. तिसरं म्हणजे ब्रश धुवायला ठेवलेला डबा, तो थिनरचा, नळाकडे कुणी फिरकतही नव्हतं. आणि सगळ्यात अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीचा, हॉलच्या कोपऱ्यात आमचं देवघर, तिथे समई चालू आणि हाताच्या अंतरावर हे दिवाणाला लॅकर मारतायत. एनसी लॅकर असेल तर त्यातल्या थिनरची वाफ भडकन पेट घेते. मी समई विझवली आणि खिडक्या उघडल्या. पोरांना बोलले नाही, त्यांना जे भरून दिलं होतं ते ती मारत होती, एकाने तर विचारल्यावर सरळ सांगितलं की सेठने जो डबा दिला तोच वापरतोय. त्या डब्यावर लेबलच नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर फोनवर म्हणाला मोठ्या कॅनमधून काढून आणलंय.

दिसायला काम झकास झालं हेही सांगायला पाहिजे. सागवान असं काही खुललं की येणारा जाणारा विचारायचा कुणाकडून केलं. २०,००० आणखी दिले होते, उरलेल्या ८,९०० साठी तो मागे लागला तेव्हा मी म्हटलं मटेरियलचं बिल दाखवा मग देते. बरेच दिवस टाळाटाळ, मग व्हॉट्सॲपवर एका बिलाचा फोटो, वरचा दुकानाचा भाग कापलेला, मालाच्या नावात नुसतं "वुड फिनिश क्लिअर". खाली थिनर पण होता, तो म्हणे दुसऱ्या साइटचा.

तो फोटो मी नणंदेच्या मिस्टरांना दाखवला, भाऊजी जीएसटी रिटर्न भरायची कामं करतात. त्यांनी मालाचं नाव वाचलंच नाही, बाजूचा एचएसएन कोड (जीएसटी बिलावर मालाचा प्रकार सांगणारा आकडा) वाचला आणि म्हणाले हे वॉटर बेस नाही. मला तोपर्यंत त्या कोडकडे बघायचं असतं हेच माहीत नव्हतं आणि माझ्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. रंग आणि व्हार्निशचे कोड माध्यमावरून वेगळे केलेले आहेत. पाण्याच्या माध्यमातला सिंथेटिक पॉलिमरचा माल असेल तर ३२०९, पाणी सोडून दुसऱ्या सॉल्व्हंटमधला असेल तर ३२०८. थिनरचा कोड ३८१४. आमच्या बिलावर ३२०८ आणि ३८१४. ३२०८ असो की ३२०९, जीएसटी १८ टक्केच, त्यामुळे खोटा कोड टाकून दुकानदाराचा काही फायदा नाही, तो बिचारा कॉम्प्युटरमध्ये जे आहे तेच छापतो. कॉन्ट्रॅक्टरने मालाचं नाव मोघम असलेलं बिल शोधून काढलं पण आकड्याकडे त्याचंही लक्ष गेलं नाही.

मग मी लिटरचा हिशोब काढला. एका लिटर क्लिअरमध्ये एका हाताचं साधारण १०० ते १३० चौरस फूट निघतं, डब्यावर लिहिलेलं असतं, लाकूड किती पितं त्यावर कमी-जास्त. ३१० फुटांचे तीन हात म्हणजे ९३० फूट, म्हणजे नुसतं वरचं क्लिअर सात ते नऊ लिटर पाहिजे, सीलर वेगळा. बिलात क्लिअर होतं चार लिटर आणि थिनर पाच लिटर! आणि कंपनीचा खरा डबा आमच्या घरात एकच आलेला, तोच सॅम्पलवाला, तो पण अर्धा भरलेला परत घेऊन गेला, पुढच्या गिऱ्हाइकासमोर ओतायला असणार.

शेवटची खात्री कपाटाच्या पाठीवर झाली. तिथे सॅम्पलचा पट्टा तसाच होता. थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा कपाटाच्या दाराच्या आतल्या कडेला मिनिटभर धरला तर पॉलिश विरघळून बोट चिकटायला लागलं, कापूस पिवळा. तसाच दुसरा बोळा सॅम्पलच्या पट्ट्यावर धरला, फक्त जरा चमक गेली, बाकी जागचं हललं नाही. एनसी सुकल्यावरही स्वतःच्या थिनरमध्ये परत विरघळतो, पक्कं झालेलं पीयू तसं विरघळत नाही. लॅबचा रिपोर्ट नाही हा, वॉटर बेसमध्येही स्वस्तातलं ॲक्रिलिक असेल तर थोडं मऊ पडू शकतं, पण एकाच कपाटावर शेजारी शेजारी इतका फरक म्हटल्यावर मला तरी शंका उरली नाही. व्हिडिओ काढून ठेवलाय.

तोपर्यंत ऑगस्टच्या दमट हवेत डायनिंग टेबलावर पांढुरकी झाक यायला लागली होती. याचं कारण असं सांगतात की थिनर झटकन उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा आत अडकतो, म्हणून जुने पॉलिशवाले भर पावसात लॅकर मारायला नाहीच म्हणतात. यावर कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर ऐका, "ताई वॉटर बेस आहे ना, पाणी सुटतं थोडं." एकदा पक्कं झालेलं वॉटर बेस पाण्याने सुटत नाही हो, नाहीतर लोकांनी जेवणाच्या टेबलाला लावलं असतं का.

त्याला बिल, कोड, व्हिडिओ सगळं पाठवलं. आधी म्हणाला दुकानदाराने चुकीचा माल दिला. मग म्हणाला तुम्हीच रेट कमी करायला सांगितला होता (कोटेशन १९० चंच आहे, सहीसकट). मग म्हणाला टेबल फुकट परत करून देतो, कशाने करणार विचारलं तर गप्प. १९० आणि ५५ मधला फरक १३५, गुणिले ३१० म्हणजे ४१,८५० रुपये, तेवढे परत मागितले, तर उलट ८,९०० साठी पोरं पाठवतो म्हणाला. पाठवली नाहीत.

१९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, बोलतात चांगलं, मराठीत पण बोलतात, पण अशा सुट्या कॉन्ट्रॅक्टरवर त्यांचा जोर चालत नाही, त्याने उत्तरच दिलं नाही. आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीये, ऑनलाइन, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते. कोटेशन, जीपेचे स्क्रीनशॉट, बिलाचा फोटो आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

आता परत काम करायचंय ते दिवाळीनंतर कोरड्या हवेत, आणि यावेळी मजुरी वेगळी, माल मी आणणार, डीलरकडून, माझ्या नावाच्या बिलावर. यावर बरेच पॉलिशवाले तोंड वाकडं करतात, त्याचं एक कारण डब्यातले कूपन किंवा पॉइंट्स, ते त्यांना स्कॅन करू द्यावेत, आपल्याला त्याचा काही उपयोग नाही. फक्त सील आपल्यासमोर फोडायचं, प्रत्येक डब्याचं, सॅम्पलच्या एकट्याचं नाही. रिकामे डबे काम संपेपर्यंत घरात मोजून ठेवायचे आणि नंतर चेपूनच भंगारवाल्याला द्यायचे, चांगल्या कंपनीचे अख्खे डबे परत भरायला जातात. काम चालू असताना कधीही जाऊन मगात डोकावायचं, आत पांढरं दिसलं पाहिजे.

कपाटाच्या पाठीवरच्या पट्ट्याला निकाल लागेपर्यंत हात लावणार नाही. कल्याण-डोंबिवलीकडे कुणाला असंच वरून कापलेलं, "वुड फिनिश क्लिअर" लिहिलेलं बिल आलं असेल तर तो फोटो आणि चॅट डिलीट करू नका, आणि शेवटचं पेमेंट द्यायच्या आधी त्यावरचे ते चार आकडे बघून घ्या.