राळेगावचं कृषी केंद्र: बियाणं छापील भावात, सोबत खरा सल्ला

कपाशीचं बियाणं घ्यायला तालुक्याच्या गावी, राळेगावले (जि. यवतमाळ) जाणार असान त बाजारातलं हे दुकान पहा. 2025 च्या हंगामात बीजी-2 (बोंडअळीले तोंड देणाऱ्या बीटी कपाशीचं दुसऱ्या पिढीचं बियाणं) ची 475 ग्रॅमची थैली 901 रुपयेच लावली, वरून एक रुपया नाही, न बिलावर लॉट नंबर लिहून दिला. ते बिल जपून ठेवा बाप्पा, उगवलं नाही त तक्रारीले तेच लागते. एका दुसऱ्या दुकानात थैलीसोबत टॉनिकची बाटली गळ्यात मारली होती, इथं लिंकिंग नाही.

दुकानदार भाऊ सरळ सांगते की गुलाबी बोंडअळी आता बीजी-2 ले जुमानत नाही, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा न फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच कपाशी पुढं उभी, ठेवू नका. कंपनीचा माल विकून असं बोलणारे कमीच.

थैलीवर नाव देशी कंपनीचं रायते पण आतलं तंत्रज्ञान मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीचं, जी 2018 मध्ये जर्मनीच्या बायरनं घेतली. 2002 मध्ये बीटी आलं तवा थैली 1600 रुपयांची, त्यात रॉयल्टीच मोठी. सुरवातीला फवारण्या वाचल्या हे खरं आहे, पण 2016 पासून केंद्रानं भाव बांधला तरी संकरित वाण असल्यानं दरसाल विकतच घ्या लागते, घरची सरकी राखून पेरणं बंदच झालं, न वावरातला पैसा गावात थांबत नाही याचं लय वाईट वाटते.

एकच कमी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे सरळ वाण (संकरित नसलेले, ज्याची सरकी राखून पेरता येते) इथं नाहीत. मी मागितले, तुम्हीपण मागा म्हणजे ठेवतीन. मृगाच्या टायमाले सकाळीच जा, दुपारी गर्दी असते.